१७९ रुपये २० पैसे

कार्यकर्त्यांच्या शिबिरात हे प्रकरण घेतो तेव्हा मी आधी नाव सांगत नाही. फळ्यावर तीन आकडे लिहितो: ५००, २५ आणि १७९.२०. पहिला एका बाईने दरमहा मागितलेल्या पोटगीचा, दुसरा मॅजिस्ट्रेटने मंजूर केलेला, तिसरा हायकोर्टाने वाढवून दिलेला. नवरा वकील. बाईच्या म्हणण्यानुसार वर्षाला साठेक हजार कमावणारा. त्रेचाळीस वर्षांचा संसार, तीन मुलगे, दोन मुली. आणि मग तिला घराबाहेर काढलेलं. बोला, तुमचं काय मत?

मत एकच येतं. अजून एकाही शिबिरात कोणी नवऱ्याची बाजू घेतलेली नाही. मग मी नाव सांगतो, शाहबानो, आणि वातावरण पालटतं. काहीजण एकदम सावध होतात, काहींना एकदम कंठ फुटतो. पाच मिनिटांपूर्वी ज्यांना १७९ रुपये ही थट्टा वाटत होती त्यांना आता त्या रुपयांबद्दल बोलायचंच नसतं. एकाला ‘त्यांच्या’ धर्माबद्दल बोलायचं असतं, दुसऱ्याला ‘आपण त्यांच्यात पडू नये’ याबद्दल. बाई दोघांच्याही बोलण्यातून गायब.

धर्माच्या आडोशाने चालणाऱ्या अन्यायावर उदारमतवादी माणसाने मोकळेपणाने बोलावं की जपून, हा प्रश्न आपल्याकडे या प्रकरणाइतका उघडावाघडा दुसरीकडे कुठे दिसत नाही. म्हणून ते तपशिलात पाहायचं.

काय घडलं

इंदूरच्या शाहबानो यांचं लग्न मोहम्मद अहमद खान यांच्याशी १९३२ मध्ये झालं. पुढे खान यांनी दुसरा निकाह केला. १९७५ मध्ये शाहबानोंना घर सोडावं लागलं. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज केला आणि महिना ५०० रुपये मागितले. मुळात या कलमाखाली पाचशेच्या वर मागताच येत नव्हतं, म्हणजे कायद्यात बसेल ती कमाल रक्कम त्यांनी मागितली. अर्ज चालू असतानाच, ६ नोव्हेंबर १९७८ रोजी, नवऱ्याने तलाक दिला. त्याचा बचाव सरळ होता: आता ही माझी बायको नाही, मेहरचे (निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेल्या रकमेचे) ३००० रुपये कोर्टात भरले आहेत, आधी दोनेक वर्षं महिना २०० देत होतो, इद्दतीची मुदत (तलाकनंतरचे साधारण तीन महिने) संपली की माझी जबाबदारी संपली.

कलम १२५ हे धार्मिक कायद्याचं कलम नव्हतं, लग्नाच्या कायद्याचंही नव्हतं. ते तेव्हाच्या फौजदारी संहितेत होतं (२०२४ पासून तिच्या जागी नवी संहिता आली), कारण त्याचा हेतू फार साधा होता: ऐपत असलेल्या माणसाने बायको, मुलं, आईबाप यांना रस्त्यावर येऊ देऊ नये. १९७३ च्या नव्या संहितेत ‘बायको’ या शब्दात घटस्फोटितेचाही समावेश केला गेला, कारण त्याआधी तलाक देऊन पोटगी चुकवणं सोपं होतं. मात्र त्याच वेळी कलम १२७ मध्ये एक फटही ठेवली गेली. रूढीनुसार किंवा वैयक्तिक कायद्यानुसार घटस्फोटाच्या वेळी देय असलेली सगळी रक्कम दिली असेल तर पोटगीचा आदेश रद्द करता येईल. खान वकील असल्यामुळे ती फट त्यांना नेमकी ठाऊक होती.

ऑगस्ट १९७९ मध्ये मॅजिस्ट्रेटने २५ रुपये ठरवले. सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात या आकड्यापुढे ‘शाही रक्कम’ असा टोमणा आहे, आणि न्यायमूर्तींच्या लेखणीतला तो सगळ्यात माणुसकीचा शब्द आहे असं मला नेहमी वाटतं. जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाने रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. त्यावर नवरा सुप्रीम कोर्टात गेला.

आता एक गोष्ट, जी या प्रकरणावर भांडणाऱ्यांपैकी दहातल्या नऊजणांना माहीत नसते. घटस्फोटित मुस्लिम बाईला कलम १२५ खाली पोटगी मिळते, हे सुप्रीम कोर्टाने आधीच दोनदा सांगितलं होतं. १९७८ मध्ये बाई ताहिरा प्रकरणात आणि १९८० मध्ये फुझलुनबी प्रकरणात. दोन्ही निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचे. मेहरची किरकोळ रक्कम फेकून जबाबदारीतून सुटता येणार नाही, असं त्यांत स्वच्छ लिहिलं होतं. देशभर वादळ काही उठलं नाही. खान यांचं अपील आलं तेव्हा न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली आणि वरदराजन यांच्या खंडपीठाला या दोन निकालांबद्दल शंका वाटली, म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं.

२३ एप्रिल १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींनी नवऱ्याचं अपील फेटाळलं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी निकाल लिहिला. कायद्याचा मुद्दा तोच, निष्कर्षही तोच, जो १९७८ आणि १९८० मध्ये होता. या वेळी मात्र आग लागली.

निकालातली दोन पत्रं

मी हे निकालपत्र बऱ्याचदा वाचलं आहे आणि प्रत्येक वेळी वाटतं की एका पाकिटात दोन पत्रं घातली गेली आहेत.

पहिलं पत्र शाहबानोंच्या नवऱ्याला आहे. नवराबायको हिंदू असोत, मुस्लिम असोत, ख्रिस्ती असोत की पारशी, या कलमाच्या अंमलबजावणीत त्याचा काहीही संबंध नाही, असं एक वाक्य त्यात आहे. खरं तर खटला त्या वाक्यावर संपतो. फार तर कलम १२७ ची फट बुजवायला आणखी दोन पानं.

दुसरं पत्र एका धर्माला आहे. सुरुवातीच्याच परिच्छेदात ‘न स्त्री स्वातंत्र्यमर्हति’ हे मनूचं वचन येतं. इथपर्यंत ठीक. न्यायमूर्तींनी आधी स्वतःच्या परंपरेचा कान धरला, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. पण लगेच पुढे, एकोणिसाव्या शतकातल्या एडवर्ड लेन या इंग्रजाच्या पुस्तकाचा हवाला देऊन, स्त्रीची अवनती हा इस्लामचा घातक दोष असल्याचं म्हटलं जातं, असं वाक्य येतं. मनूवरच्या ओळीने कोणा हिंदू नवऱ्याचं काही बिघडणार नव्हतं, लेनवरच्या ओळीचं तसं नव्हतं. पुढे कुराणाच्या आयतींचा अर्थ लावला जातो आणि पोटगी इस्लामशी सुसंगतच आहे असा निष्कर्ष येतो. म्हणजे आधी धर्माला नावं ठेवल्याचा उल्लेख आणि मग त्याच धर्माचा खरा अर्थ सांगायची जबाबदारी अंगावर. शेवटाकडे समान नागरी कायद्याबद्दलचं घटनेतलं कलम ४४ मृत अक्षर होऊन पडल्याबद्दल खंत आहे, आणि असा कायदा झाला तर परस्परविरोधी विचारसरणींच्या कायद्यांवरच्या वेगवेगळ्या निष्ठा दूर होऊन राष्ट्रीय एकात्मतेला मदत होईल, असंही म्हटलं आहे.

निष्ठा! १७९ रुपयांच्या खटल्यात हा शब्द शिरला. आधीच्या वर्षी, १९८४ मध्ये, भिवंडी जळाली होती. निकाल आला त्या वर्षी अहमदाबाद पेटलेलं होतं. अशा वेळी ज्याची निष्ठा उठताबसता तपासली जाते त्याच्या कानावर हा शब्द देशाच्या सर्वोच्च न्यायासनाकडून पडला. पाचही न्यायमूर्तींत एकही मुस्लिम नव्हते. कायद्याच्या दृष्टीने याने तिळमात्र फरक पडत नाही. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने पडतो.

या ठिकाणी शिबिरात कोणीतरी विचारतंच, म्हणजे कोर्टाने बोलायला नको होतं का? माझं मत असं की कोर्ट चुकीचं काही बोललं नाही. नको त्याला उद्देशून बोललं. अन्याय करणारा इंदूरचा एक वकील होता. त्याला सोडून भाषण कोट्यवधी लोकांना झालं, आणि त्या कोट्यवधींत शाहबानोही होत्या.

अंगठा

पुढचं सगळं बऱ्यापैकी माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, जे अपिलात आधीच हस्तक्षेप करून होतं, ते रस्त्यावर आलं. शहराशहरांत मोर्चे निघाले. पंतप्रधान राजीव गांधी यांचं सरकार सुरुवातीला निकालाच्या बाजूने होतं. २३ ऑगस्ट १९८५ रोजी राज्यमंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी लोकसभेत निकालाचं समर्थन करणारं लांबलचक भाषण केलं, तेही कुराणाचेच दाखले देत. डिसेंबरात किशनगंजची पोटनिवडणूक निकालविरोधी आघाडीवरचे सय्यद शहाबुद्दीन यांनी जिंकली. काँग्रेसचा धीर सुटला. फेब्रुवारी १९८६ मध्ये निकाल फिरवणारं विधेयक आलं आणि आरिफ खान यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, फैजाबादच्या जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशाने, अयोध्येतल्या बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं गेलं होतं. एका हाताने इकडे, एका हाताने तिकडे. मे महिन्यात विधेयकाचा कायदा झाला.

थांबायला हवं ते एका कागदापाशी. नोव्हेंबर १९८५ मध्ये शाहबानोंच्या नावाने एक जाहीर पत्र उर्दूत छापून आलं. सही म्हणून अंगठा. आशय असा की धर्माच्या जाणकारांनी मला समजावलं, हा निकाल शरियतच्या विरोधात आहे, म्हणून मी तो नाकारते. सात वर्षं कोर्टात लढलेली, सत्तरीला टेकलेली ती बाई. जिंकली, आणि जिंकलेलं परत केलं.

या अंगठ्याचा अर्थ लावायला सगळे पुढे सरसावले. पुराणमतवाद्यांनी म्हटलं, बघा, तिला स्वतःलाच नको आहे. हिंदुत्ववाद्यांनी म्हटलं, बघा, किती दडपण. उदारमतवादी त्या वेळी आणि नंतरही गोंधळलेले दिसतात. बाईच्या निवडीचा मान राखावा, तर दडपणाला मान दिल्यासारखं होतं. दडपण म्हणावं, तर तिला अक्कल नाही असं म्हटल्यासारखं होतं. मला वाटतं ती बाई दोन गोष्टींच्या मध्ये चिमटली होती, आणि दोन्ही खऱ्या होत्या. तिला पैसे हवे होते. आणि आपल्या नावाने आपल्याच माणसांना झोडपलं जाणं तिला नको होतं. यात काही विसंगती नाही. घरात नवरा मारतो म्हणून रडणारी बाई, चाळीतल्या कोणी तिच्या माहेरसासरच्या सगळ्या खानदानाचा उद्धार सुरू केला की गप्प होते. तिचा मार त्याने कमी होत नाही.

जे आतून बोलत होते

‘बाहेरच्यांनी बोलू नये’ हा युक्तिवाद ऐकला की मला विचारावंसं वाटतं, बाहेरचे म्हणजे नक्की कोण? शाहबानोंचे सुप्रीम कोर्टातले वकील डॅनियल लतिफी मुस्लिम होते. आरिफ खान मुस्लिम. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढून तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा अशी मागणी करणारे हमीद दलवाई चिपळूणकडचे. त्यांनी १९७० मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने १९८५ मध्ये, दलवाईंच्या निधनानंतर आठ वर्षांनी, शाहबानोंच्या बाजूने कोल्हापूर ते नागपूर तलाकमुक्ती मोर्चा काढला आणि वाटेत कडवा विरोध सोसला. विधेयकाच्या विरोधात अनेक मुस्लिम लेखक, प्राध्यापक, वकिलांनी निवेदनं दिली.

म्हणजे ‘मुस्लिम समाजाचं म्हणणं’ असं एकसंध काही नव्हतंच. दोन बाजू होत्या. सरकारने त्यांतली जास्त आवाज करणारी बाजू हाच समाज, असं धरलं. आणि इथे मला उदारमतवाद्यांच्या एका लाडक्या सवयीवर बोट ठेवायचं आहे. ‘त्यांच्या संस्कृतीचा आदर’ म्हणताना आपण बहुधा त्या संस्कृतीत वर बसलेल्या पुरुषांचा आदर करत असतो. दलवाईही त्याच संस्कृतीतले होते. शाहबानोही.

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही, फक्त तेव्हा आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो. बेहरामजी मलबारी या पारशी गृहस्थाने १८८४ मध्ये हिंदूंच्या बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर टिपणं काढली तेव्हा पुण्यामुंबईत हाच सूर उठला होता: पारशाने यात का नाक खुपसावं? रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा तिच्या बाजूने बोलणाऱ्यांना धर्मबुडवे ठरवलं गेलं. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर नेण्याच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा त्यातला एक प्रमुख युक्तिवाद. तो युक्तिवाद पोकळ नव्हता, सरकार खरंच परकं होतं. पण दहा वर्षांच्या मुलीच्या बाजूने पाहिलं तर सरकार कोणाचं आहे याने तिच्या रात्रीत काय फरक पडत होता? आगरकरांनी ‘सुधारक’वर ब्रीद लिहिलं, ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’, आणि किंमत मोजली. मलबारींचा धर्म कोणता होता याची आज कोणी चौकशी करत नाही.

खरा कठीण आक्षेप

पण ‘बाहेरच्यांनी बोलू नये’ हा सगळ्यात कच्चा आक्षेप आहे. तो पाडला की आपण जिंकलो असं समजणं म्हणजे फसवणूक. पक्का आक्षेप वेगळा आहे: तुम्ही कितीही शुद्ध हेतूने बोला, तुमची टीका उचलून वापरणारे दुसरे आहेत.

१९८६ च्या मतदानात हे उघड दिसलं. विधेयकाच्या विरोधात डावे पक्ष होते, स्त्री संघटना होत्या, आणि भाजपही होता. भाजपचे तेव्हा लोकसभेत दोनच खासदार. पण ‘लांगूलचालन’ हा शब्द शाहबानो प्रकरणानंतर जो बाजारात आला तो पुढे किती चालला हे सांगायला नको. समान नागरी कायद्याची मागणी स्त्री चळवळीची जुनी मागणी होती. नव्वदीच्या दशकात, डिसेंबर १९९२ आणि मुंबईच्या दंगली पाहिल्यावर, अनेक स्त्री संघटनांनी ती मागणी त्याच शब्दांत करणं सोडलं. एकाच कायद्याऐवजी समान हक्कांची, प्रत्येक वैयक्तिक कायद्यात आतून सुधारणांची भाषा आली. मला हा बदल भित्रेपणाचा वाटत नाही. ज्या घोषणेचा उपयोग वस्ती पेटवायला होतो ती घोषणा बदलणं शहाणपणाचंच.

अडचण पुढे झाली. घोषणा बदलता बदलता बोलणंच थांबलं. मी माझ्यापुरतं सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी तोंडी तलाकवर बोलायला एका गटाने बोलावलं होतं. मी टाळलं. सध्या वातावरण ठीक नाही, असं म्हणालो. तसं ते ठीक नव्हतंच. त्याच महिन्यात एका शिबिरात चहाच्या सुट्टीत वस्तीत काम करणारी एक मुस्लिम कार्यकर्ती भेटली. तिला हे कुठून तरी कळलं होतं. कपातला चहा ढवळत ती शांतपणे म्हणाली, “सर, माझ्या मावशीला फोनवर तलाक दिला. वातावरण कधी ठीक होणार तेवढं सांगा, तोवर मावशीला थांबायला सांगते.”

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

त्या मावशीसारख्या बायकांना मात्र थांबायला वेळ नव्हता. उत्तराखंडच्या शायरा बानो यांना नवऱ्याने टपालाने तलाकनामा पाठवला आणि त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनासारख्या संघटना सोबत उभ्या राहिल्या, त्यांनीही कुराणातूनच युक्तिवाद केला. पर्सनल लॉ बोर्डाच्या प्रतिज्ञापत्रात असाही सूर होता की सोपा तलाक नसेल तर नवरा बायकोला जिवे मारण्याच्या थराला जाऊ शकेल. हे वाचूनही ज्याला ‘संस्कृतीचा आदर’ आठवतो त्याच्याशी माझं काही बोलणं उरत नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला. या वेळी पीठावर पाच धर्मांचे पाच न्यायमूर्ती होते. त्यांतले मुस्लिम न्यायमूर्ती अब्दुल नझीर अल्पमतात गेले, शीख सरन्यायाधीश खेहर त्यांच्या सोबत. धर्म पाहून मतं ओळखायची सवय असलेल्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा.

आणि मग ज्याची भीती होती तेही घडलं. २०१९ च्या कायद्याने असा तलाक उच्चारणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. घटस्फोट न देताच बायकोला टाकून देणारे नवरे सगळ्या धर्मांत आहेत, त्यांना तुरुंग नाही. जो उच्चार कायद्याने आधीच निरर्थक झाला त्यासाठी एकाच धर्माच्या पुरुषाला गजाआड करण्यात बाईला काय मिळतं, हा प्रश्न उदारमतवाद्यांनी विचारला आणि योग्यच विचारला. पण त्यांतल्या ज्यांनी २०१७ पर्यंत तोंड उघडलं नव्हतं त्यांचं २०१९ मध्ये ऐकायचं कोणी? आपण रिकामी ठेवलेली खुर्ची रिकामी राहत नाही. त्या कार्यकर्तीच्या मावशीला तुरुंगातला नवरा नको होता, पोटगी हवी होती. हे ठामपणे सांगायचा हक्क आपल्यातल्या अनेकांनी आधीच्या मौनात घालवून टाकला होता.

माझा निष्कर्ष काय तो इथेच सांगतो. टीका मोकळेपणाने करावी, आणि पत्ता नीट लिहून करावी. रुढी कोणती, कोणाचं नुकसान, कोणाकडून काय हवं. एवढं लिहिलं की ‘इस्लाम’, ‘हिंदू धर्म’ असल्या मोठ्या शब्दांची फारशी गरज पडत नाही. तोच निकष आपल्या घरी लावला नसेल तर आधी तिकडे जाऊन यावं. शबरीमला मंदिरातल्या बायकांच्या प्रवेशाच्या वेळी परंपरा आठवलेल्यांनी तलाकवर बोलू नये, आणि तलाकच्या वेळी गप्प राहिलेल्यांनी शबरीमलावर फार उंच आवाज लावू नये. ‘कोण फायदा घेईल’ ही काळजी बोलण्याची भाषा ठरवायला वापरावी. बोलायचं की नाही हे ठरवायला वापरली की ती निमित्त बनते, आणि निमित्तं स्वस्त असतात.

‘आत’

१९८६ च्या कायद्याचं पुढे जे झालं ते भाषणांतून झालं नाही, म्हणून ते कोणाला फारसं ठाऊक नाही. कायद्यात लिहिलं होतं की नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीच्या आत वाजवी आणि न्याय्य तरतूद करावी आणि निर्वाह द्यावा. विधेयक आणणाऱ्यांचा समज होता की याने जबाबदारी साधारण तीन महिन्यांत संपते. डॅनियल लतिफी यांनी कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं. दरम्यान निरनिराळ्या हायकोर्टांपुढे एकेक बाई, एकेक वकील उभे राहत गेले. त्यांचं म्हणणं असं की ‘आत’ हा शब्द पैसे कधी द्यायचे ते सांगतो. किती दिवसांसाठी द्यायचे ते सांगत नाही. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये हे मान्य केलं. सप्टेंबर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी, लतिफी यांच्याच नावाच्या प्रकरणात, कायदा घटनाबाह्य ठरवला नाही. त्याचा अर्थ मात्र तोच लावला: पुढच्या आयुष्याची तरतूद इद्दतीच्या आत करा. या कायद्यात पाचशेची कमाल मर्यादाही नव्हती. शाहबानोंचा विजय हिरावण्यासाठी आणलेल्या कायद्यातून अनेक बायकांना १७९ रुपयांच्या कितीतरी पट रक्कम एकरकमी मिळू लागली. कोणी कोणाच्या धर्मावर भाषण केलं नाही. एक शब्दयोगी अव्यय नीट वाचलं.

शाहबानो तोवर हयात नव्हत्या. त्या १९९२ मध्ये वारल्या.

१० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने या प्रश्नावर पुन्हा निकाल दिला. तेलंगणातला नवरा, घटस्फोटित बायको, हायकोर्टाने दरमहा १० हजार रुपये ठरवलेले. नवऱ्याचा बचाव असा की मुस्लिम बाईला १९८६ चा कायदा आहे, कलम १२५ नाही. कोर्टाने अपील फेटाळलं: दोन्ही वाटा खुल्या आहेत, बाईने निवडावी. पर्सनल लॉ बोर्डाने ठराव करून विरोध नोंदवला. शहरांत काही पेटलं नाही, कोणाला कायदा फिरवावा लागला नाही.

त्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होत्या बी. व्ही. नागरत्ना. शिबिर संपताना मी फळ्यावरच्या १७९.२० खाली १०,००० लिहितो आणि मग सांगतो की नागरत्ना यांचे वडील, न्यायमूर्ती ई. एस. वेंकटरामय्या, १९८५ च्या त्या पाचजणांत होते.